गाठ लवकर सापडली, पण माणूस वाचला का?

फुप्फुसाचा कर्करोग बहुतेकदा उशिरा कळतो. खोकल्यातून रक्त पडू लागेपर्यंत गाठ पसरलेली असते आणि शस्त्रक्रियेची वेळ अनेकांच्या बाबतीत टळून गेलेली असते. तेव्हा लक्षणांआधीच तिला गाठायचे, हा विचार जुना आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेयो क्लिनिकसह तीन केंद्रांनी धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे छातीचे एक्स-रे आणि थुंकी वर्षानुवर्षे तपासली. मेयोमध्ये नियमित तपासणीच्या गटात कर्करोग जास्त सापडले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

हा धडा पुढे फार मोलाचा ठरला. समजा, एखाद्याचा मृत्यू सत्तराव्या वर्षी होणार आहे. निदान अडुसष्टऐवजी पासष्टाव्या वर्षी झाले, तर निदानानंतरचा काळ वाढलेला दिसतो, आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही. म्हणून तपासणीची खरी कसोटी एकच: मृत्यू घटले का?

१९९९मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्लॉडिया हेन्श्के आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनने २७ कर्करोग दाखवले, एक्स-रेने फक्त ७. आशा वाढली, पण तुलनेसाठी स्कॅन न केलेला गट नव्हता, त्यामुळे कसोटी बाकीच होती.

ती २००२मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत ५५ ते ७४ वयाचे ५३,४५४ लोक सहभागी झाले. रोज एक पाकीट याप्रमाणे तीस वर्षे, किंवा तितकेच धूम्रपान केलेले हे लोक. निम्म्यांचा सीटी, निम्म्यांचा एक्स-रे, वर्षातून एकदा, तीनदा. २०११मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. चाळीस वर्षांच्या प्रश्नाला अखेर उत्तर मिळाले होते.

त्याची किंमतही दिसली. सीटीत संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी सुमारे ९६ टक्क्यांत कर्करोग नव्हता. त्या प्रत्येकामागे कुणाची तरी धास्ती, पुन्हा स्कॅन, क्वचित सुईने काढलेला तुकडा होता. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘नेल्सन’ चाचणीने यावर वाट काढली. गाठीचे घनफळ मोजायचे, शंका असेल तर काही काळाने पुन्हा मोजून ती किती वेगाने वाढते ते पाहायचे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दहा वर्षांनंतर पुरुषांमधले मृत्यू २४ टक्क्यांनी कमी होते आणि खोटी भीतीही बरीच घटली होती.

धोरणे मागोमाग आली. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१३मध्ये शिफारस केली. २०२१मध्ये सुरुवातीचे वय ५० आणि धूम्रपानाची अट वीस वर्षांवर आणली, कारण जुन्या अटीतून स्त्रिया आणि कृष्णवर्णीय रुग्ण मोठ्या प्रमाणात सुटत होते. तरीही तिथे पात्र लोकांपैकी थोडेच तपासणीला येतात. मँचेस्टरने २०१६मध्ये यावर साधा उपाय केला: गरीब वस्त्यांतल्या बाजारांच्या पार्किंगमध्ये स्कॅनरची गाडी नेऊन उभी केली. लोक आले आणि सापडलेले बहुतेक कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यातले निघाले. २०२३मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडभर अशी तपासणी नेण्याची घोषणा केली.

हे निकष भारतात जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. इथे विडी आहे, चुलीचा धूर आहे, कधीही धूम्रपान न केलेले रुग्ण आहेत. क्षयरोगाने मागे ठेवलेले व्रणही स्कॅनवर गाठीसारखे दिसू शकतात. तैवानने २०२२मध्ये कौटुंबिक इतिहास असलेल्यांनाही राष्ट्रीय तपासणीत घेतले, ते स्वतःच्या रुग्णांकडे पाहून. आपल्यालाही आपले धोके मोजूनच आपली यादी करावी लागेल. स्कॅन वाचणारा अनुभवी डॉक्टर, पुढचा पाठपुरावा आणि परवडणारी शस्त्रक्रिया यांच्याविना नुसता स्कॅन कुणाला वाचवत नाही. आणि तपासणीला आलेल्या प्रत्येकाला विडी-सिगारेट सोडायला मदत मिळालीच पाहिजे. कारण ती सोडण्याचा फायदा कोणत्याही वयात होतो आणि त्यासाठी कुठल्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.