उरलेला भात आणि फोडणी

अन्न वाया घालवू नये, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. कोणी अन्नाला परब्रह्म म्हणतात, आमच्या घरात त्याला रिज्क, म्हणजे अल्लाने दिलेली रोजी, म्हणतात. रात्रीचा भात उरला, की सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीचा भात होतो. मलाही तो आवडतो. म्हणूनच त्याच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

१९७१ पासून ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्याच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. तपासात कळले, की भात आधीच शिजवून ठेवलेला असे. फ्रिजमध्ये शिते चिकटतात, म्हणून तो रात्रभर बाहेरच राही आणि गिऱ्हाईक आले की कढईत परतला जाई.

दोषी निघाला बॅसिलस सिरियस नावाचा जंतू. तो मातीतला, तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू टणक कवचात असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला, की ते जागे होतात. वीस मिनिटांत एकाचे दोन असा हिशेब धरला, तर सहा तासांत एकाचे अडीच लाखांवर होतात! वाढताना ते भातात विष सोडतात. फोडणीने जंतू मरतील, पण हे विष १२१ अंश सेल्सियसला दीड तास तापवूनही टिकते. भाताला वास येईलच असे नाही, चवही बदलेलच असे नाही.

असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते, पण लहान मुले आणि वृद्ध यांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होऊ शकते. त्यांना जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

मग फोडणीचा भात सोडायचा का? मुळीच नाही. उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवू नका, मधला भाग फार वेळ ऊबदार राहतो. परातीत पातळ पसरा, लवकर निववा आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. लग्नाच्या देगेलाही हाच नियम. फ्रिज नसेल, तर बेताचाच शिजवा आणि उरेलसे वाटले तर गरम असतानाच शेजारी द्या. अन्नाची कदर करायची, ती रात्रीच करावी. सकाळच्या फोडणीवर सोडू नये.