दूरच्या ओळखीचे मोल

पूर्वी घरातला मुलगा मॅट्रिक होऊन पुण्यास किंवा मुंबईस निघाला म्हणजे त्याच्या सामानात दशम्यांच्या फडक्याबरोबर एक लखोटाही असे. गावातल्या कुणा प्रतिष्ठित गृहस्थाने आपल्या परगावच्या स्नेह्यास चार ओळी लिहून दिलेल्या असत. पत्र घेऊन येणारा मुलगा चांगल्या घरचा असून त्याचे अक्षर व हिशेब उत्तम आहे, तरी जमल्यास त्याची सोय पाहावी, एवढाच त्यातील मजकूर. पुष्कळांच्या संसाराची घडी त्या चार ओळींनी बसविली. आता तो लखोटा राहिला नाही. त्याचे काम मोबाईलच्या पडद्यावरील समाजमाध्यमे करू लागली आहेत. आमच्या घराघरांतून मात्र त्यांस अजून 'पोरांचा चाळा' असेच म्हटले जाते. वडीलधारी मंडळी स्वतः तासन् तास सुप्रभातची फुले पुढे धाडीत बसतात, ती गोष्ट निराळी!

नोकरीची संधी माणसास कोणाकडून कळते, याचा शोध मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने घेतला व 1973 साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षितांस त्याने विचारले, की ज्याच्याकडून ही जागा कळली त्याची व तुमची गाठ कितीदा पडत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर शंभरांपैकी जेमतेम 17 जणांनी आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या निकटवर्तीयाचे नाव सांगितले. सुमारे 28 जणांना ती बातमी वर्षातून एखादे वेळी, किंवा त्याहूनही क्वचित, भेटणाऱ्याकडून मिळाली होती. आणि उरलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना या दोहोंच्या मधल्या, अधूनमधून दिसणाऱ्या माणसाकडून.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकास याचे कारण सांगावयास नको. घरात माणसे वीस, पण बातमी एकच. काकांस जे ठाऊक तेच पुतण्यास ठाऊक. नवी वार्ता यावयाची ती उंबऱ्याबाहेरून. आळंदीहून पंढरीस निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम आषाढात आमच्या वेळापुरी पडतो. त्या रात्री दूरदूरचे वारकरी एका पंगतीस बसतात, आणि हरिकथेबरोबर बैलांचे भाव, बियाणे, क्वचित सोयरिकीही निघतात. ती माणसे वर्षातून एकदाच भेटणारी, परंतु त्यांच्यापाशी असलेली माहिती बारमाही शेजाऱ्यापाशी नसते.

ही वर्षाची गाठ रोजची करून देणारे साधन म्हणजे 2003 साली सुरू झालेले लिंक्डइन. ते केवळ कामधंद्याच्या ओळखींसाठी आहे, व त्याचे सभासद आज शंभर कोटींच्या वर गेले आहेत. तेथे आपली ज्यांच्याशी थेट ओळख ते पहिल्या पायरीवर, त्यांच्या ओळखीचे ते दुसऱ्या पायरीवर, अशी मांडणी असते. लग्न जुळविताना मावसभावाच्या मेहुण्यापर्यंत पोहोचण्याची आपली जुनी रीतच ही. याच लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांच्या पाच वर्षांच्या व्यवहारावरून काही संशोधकांनी 2022 साली असा निष्कर्ष काढला, की अगदी जवळच्यांपेक्षा व अगदीच परक्यांपेक्षाही मध्यम अंतरावरची ओळख नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडते. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे असे जवळजवळ अर्धशतकाने खरे ठरले. सभासदांना न कळविता त्यांच्यावर हे प्रयोग झाले, हे मात्र आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आता लिहावे काय? आमचा एक जुना विद्यार्थी, विजेच्या कामाची पदविका घेतलेला, परिचयाच्या जागी 'कष्टाळू, प्रामाणिक, होतकरू' ही तीन विशेषणे लिहून स्वस्थ बसला होता. विशेष्याचा पत्ता नाही आणि विशेषणांची माळ! आम्ही त्यास ती खोडावयास लावली. कोणत्या साखर कारखान्यात किती गळीत हंगाम काढले, किती अश्वशक्तीच्या मोटारी सांभाळल्या, ऐन हंगामात कोणता बिघाड किती तासांत काढला, हे त्याने लिहिले. त्यावर एका परक्या अभियंत्याने त्यास बिघाडाविषयीच प्रश्न विचारला, आणि पत्रव्यवहार सुरू झाला. अनोळखी माणसास पहिल्याच पत्रात नोकरी मागणे म्हणजे ओसरीवर पाय ठेवताच जेवावयास वाढा म्हणणे होय. त्याला दोन ओळींत उत्तर देता येईल असा एखादा नेमका प्रश्न विचारावा, आणि उत्तर आल्यावर आभार मानण्यास विसरू नये.

शेती हाही व्यवसायच आहे. मूळची अमेरिकेतील एक लष्करी अळी 2018 च्या मे महिन्यात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी पावसाळा सरण्याच्या सुमारास आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर येऊन पोहोचली. महाराष्ट्रात ती उसावरही दिसल्याची नोंद 2019 साली प्रसिद्ध झाली. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख. अशी अळी पोंग्यात दिसताच तिचे छायाचित्र जाणत्यास दाखविता येणे, यावर मक्याचे पीक हाती लागणे न लागणे अवलंबून असते. 'होय आम्ही शेतकरी' यांसारखे समूह फेसबुकावर व व्हॉट्सॲपवर असा सल्ला देत आले आहेत. त्यातले जाणते बहुधा आपण कधी न पाहिलेले असतात.

पण याच साधनाने रक्तही सांडले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांस ठार केले. त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या खोट्या अफवांचा तो परिणाम. त्याच महिन्यात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा या देशात घातली गेली. नोकरीच्या नावाने अनामत मागणारा मनुष्य हा निव्वळ भामटा समजावा. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

आमच्या वाचकांच्या घरी आणखी एक प्रश्न असतो, तो सुनेचा. पदवी घेऊन चार-पाच वर्षे नोकरी केलेली मुलगी बाळंतपणासाठी घरी बसते, आणि पुढे परतावयाचे म्हटले की कागदावरची रिकामी वर्षे आडवी येतात. 2022 पासून लिंक्डइनवर हा खंड कारणासह नोंदविण्याची सोय झाली आहे. मूल सांभाळले, आजारी सासऱ्यांची शुश्रूषा केली, हे तेथे उघडपणे लिहिता येते. तिने जुन्या कचेरीतल्या, आता दुसरीकडे गेलेल्या सहकाऱ्यांस शोधून आठवड्यास दोन पत्रे लिहिली तरी पुरे. त्यासाठी तिला रोज दुपारचा अर्धा तास निवांत मिळाला पाहिजे, आणि तेवढ्यापुरते नातवाला सांभाळणे व चहाचे आधण ठेवणे घरातल्या दुसऱ्या कोणी अंगावर घेतले पाहिजे.