नुसतं ‘टक्’ झालं तर

श्रोतेहो, अम्मीच्या छातीत दुखू लागलं त्या रात्री आमची जुनी पद्मिनी नुसती ‘टक्’ म्हणाली. शेजारच्या मेकॅनिकने आधी हेडलाइट लावले, मग चावी फिरवायला सांगितली. दिवे विझू विझू झाले.

दिवे असे मंदावले, तर बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल, क्षार धरलेलं. दिवे लख्ख राहूनही इंजिन फिरलं नाही, तर दोष बहुधा स्टार्टरचा किंवा त्याच्या वायरीचा. इंजिन फिरतं पण पेटत नाही, तर स्पार्क आणि पेट्रोल तपासावं. बंद गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १४च्या आसपास हवेत. नसतील, तर चार्जिंग होत नाही.

आमचं टर्मिनलच सैल होतं. घासलं, आवळलं; अम्मी वेळेवर दवाखान्यात पोहोचली. म्हणून सांगतो, नव्या बॅटरीआधी पाना हातात घ्या.