जुन्या पिकअप गाडीचें इंजिन कां तापतें?

(लेखक: एक सेवानिवृत्त महसूल कारकून, सुरगाणा)

सुरगाणा तालुक्यांतील भात, नागली, वरई, आंबा आणि बोरगांवच्या बाजूस होणारी स्ट्रॉबेरी हा माल बाजारांत नेण्याचें काम आतां बहुतांशीं पिकअप गाड्यांवर येऊन पडलें आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांची. म्हणून दहा-बारा वर्षें वापरलेली गाडी घेऊन ती चालविणारेच अधिक. अशा गाडीची पहिली तक्रार बहुधा एकच असते: माल भरून चढ लागला कीं इंजिन तापतें. तिचें मूळ कसें शोधावें, हें सांगण्याचें या लेखांत योजिलें आहे. मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर सातबारा व फेरफार लिहिले. परंतु पंचनामा झाल्यावांचून निकाल देऊं नये, ही जी शिस्त त्या नोकरीनें लाविली, ती येथेंही उपयोगी पडते.

गेल्या माघांत माझा पुतण्या स्ट्रॉबेरीचे खोके भरून पहाटे नाशिकला निघाला. वणीच्या अलीकडे एका चढावर गाडी उकळली. घाईघाईनें त्यानें ओढ्याचें गार पाणी आणून तापल्या इंजिनांत ओतलें. गाडी कशीबशी चालू झाली, पण दुपारपर्यंत निम्मा माल उन्हांत मऊ पडला, आणि पुढें हेड गॅसकेटही गेलें. एका गॅरेजमध्यें गॅसकेटाबरोबर पाण्याचा पंप व थर्मोस्टॅटही बदलले; तरी चढावर गाडी पुन्हां तापलीच. हंगामाची कमाई अशा रीतीनें खर्चीं पडली. दोष मात्र तिसऱ्याच ठिकाणीं होता. तो कसा सांपडला, तें पुढें येईल.

प्रथम इंजिन निवतें कसें, हें ध्यानांत घ्यावें. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामीं येते, तितकीच धुराबरोबर जाते, व उरलेली पाण्याच्या द्वारें बाहेर टाकावी लागते. पंप हें पाणी इंजिनाभोंवतीं फिरवितो. वरच्या रबरी नळीनें तें रेडिएटरच्या जाळींत उतरतें. तेथें वाऱ्यानें निवून खालच्या नळीनें परत येतें. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट नांवाची झडप वाट बंद ठेवते व सुमारें ८२ अंशांवर उघडूं लागते. रेडिएटरचें झांकण आंतील दाब राखतें, त्यामुळें पाणी १०० अंशांवर न उकळतां त्याच्याहि पुढें तग धरतें. सारांश, पाणी पुरेसें असणें, तें फिरणें, तें निवणें आणि दाब टिकणें, या चार गोष्टींपैकीं एक बिघडली कीं गाडी तापते.

आतां पंचनाम्याचा पहिला प्रश्न: गाडी *केव्हां* तापते?

बाजारांत उभी असतां तापते व रस्त्यास लागली कीं निवते, तर वाऱ्याचा दोष समजावा. पंखा मंद फिरत असेल किंवा त्याचा पट्टा ढिला असेल. इंजिन बंद असतां पट्टा मध्यावर अंगठ्यानें दाबून पाहावा. साधारण एक-दीड सेंटिमीटरहून अधिक दबला तर तो ताणावा, चिरा पडल्या असतील तर बदलावा.

गाडी सुरू केल्यावर थोडक्याच वेळांत कांटा वर चढतो, पण रेडिएटरकडे जाणारी नळी गारच राहते, तर थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असावा. तो काढून पातेल्यांतील पाण्यांत धरावा व पाणी तापवीत न्यावें. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास उघडला नाहीं तर तो निकामी झाला. कित्येक जण थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकतात. तें योग्य नव्हे. इंजिन गारठून झिजतें व डिझेल अधिक खातें. कांहीं इंजिनांत तर पाणी जाळीकडे न जातां आंतल्या आंतच फिरून उलट अधिक तापतें.

पाणी वरचेवर कमी होतें, तर गळती शोधावी. नळ्यांचे सांधे, जाळीच्या कडा व पंपाखालचें लहान छिद्र पाहावें. त्या छिद्रांतून थेंब पडूं लागले कीं पंपाचें सील गेलें. झांकणाचें रबर कडक झालें असेल तर दाब टिकत नाहीं. हें स्वस्त झांकण बदलण्याचें मात्र कोणाच्या ध्यानींच येत नाहीं. बाहेर गळती नसून पाणी घटतें, गाडी पांढरा धूर सोडते, तेलाच्या कांडीवर दुधट साय दिसते किंवा रेडिएटरांत सारखे बुडबुडे येतात, तर हेड गॅसकेटाचा संशय धरावा व गाडी पुढें चालवूं नये.

माल भरून चढावर तापते, एरवीं बरी चालते, तर जाळी चोंदली असण्याचा संभव मोठा. आमच्या गाडीचें लक्षण हेंच होतें. हात लावून पाहिलें तों वरची व खालची नळी जवळजवळ सारखीच तापलेली. म्हणजे पाणी फिरत होतें, परंतु निवत नव्हतें. पुढची झडप उघडून पाहतां जाळीच्या पात्यांत भाताच्या पेंढ्याचा भुसा व चिखल यांचें घट्ट पुट बसलेलें. कार्तिकांत त्याच गाडीनें पेंढा वाहिला होता! इंजिनाच्या बाजूनें बाहेर, बेताच्या धारेनें पाणी सोडून जाळी धुतली. पातीं वांकतील इतका जोर दिला नाहीं. त्यानंतर तोच चढ, तितकाच माल, पण कांटा जागचा हालला नाहीं. नवा पंप व थर्मोस्टॅट उगाच विकत घेतले गेले.

जाळी बाहेरून स्वच्छ असून आंतून चोंदली असेल, तर इंजिन तापल्यावरही तिचे कांहीं पट्टे गार राहतात. हातपंपाचें क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षें भरल्यानें असें होतें. म्हणून साध्या पाण्याऐवजीं शुद्ध पाणी व कुलंट हीं निम्मीं-निम्मीं भरावीं. कुलंट चवीस गोड पण विषारी असतें. काढलेलें कुलंट गोठ्याजवळ अगर ओढ्यांत कदापि टाकूं नये, गुरें व कुत्रीं तें पिऊन मरतात.

कांट्यावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. कांटा लाल रेघेवर आहे, पण वाफ नाहीं व इंजिनाची धगही नेहमींचीच, तर कांट्याची तार अगर उष्णता मोजणारा भाग बिघडला असेल. तथापि खात्री होईतों गाडी थांबविणें हेंच शहाणपणाचें.

वाटेंत गाडी उकळलीच, तर ती कडेस घेऊन इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास थांबावें. गरम रेडिएटरचें झांकण उघडल्यास उकळतें पाणी तोंडावर उडतें. नळी हातास सोसवेल इतकी निवल्यावरच जाड फडक्यानें झांकण अर्धवट फिरवून वाफ जाऊं द्यावी, मग काढावें. नंतर इंजिन मंद चालूं ठेवून पाणी थोडें थोडें ओतावें. तापल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलें कीं हेड वांकतें वा तडकतें. अर्ध्या तासाच्या उतावळेपणाची किंमत आमच्या घरानें एका हंगामानें मोजली.

तरी सभासदांस विनंति एवढीच कीं, गॅरेजमध्यें जाण्यापूर्वी गाडी केव्हां तापते, पाणी किती घटतें, दोन्ही नळ्या कशा तापतात व जाळी कशी दिसते, या चार गोष्टी कागदावर टिपून न्याव्या. मिस्त्रीचा वेळ वांचेल, आपला पैसा वांचेल. पेंढा वाहून झाला कीं जाळी धुण्यास मात्र विसरूं नये.