बिननावाच्या दगडांची वंशावळ

सिंगापूरच्या ऐन मधोमध बुकित ब्राउन नावाची जुनी चिनी दफनभूमी आहे. १९२२ साली नगरपालिकेने ती सगळ्या चिनी लोकांसाठी खुली केली, १९७३ साली बंद केली, आणि तोवर तिथे लाखभर माणसं मातीआड झाली होती. मुलगी तिकडे नोकरीला म्हणून मला ती पाहायला मिळाली. सिंगापुरात जाऊन थडगी बघणारा हा एकटाच, अशी माझी घरात अजून चेष्टा होते. पण सगळी नोकरी तलाठ्याच्या दप्तरात गेलेल्या माणसाला दुसऱ्याची नोंदवही दिसली की उघडून बघावीशी वाटणारच.

चिनी थडगं ही नोंदवहीच असते. मधल्या ओळीत मयताचं नाव. बाजूला चीनमधलं मूळ गाव आणि काळ. दुसऱ्या बाजूला दगड उभारणाऱ्या मुलानातवंडांची नावं. बऱ्याच घराण्यांत एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवतात. अक्षर कळलं की पिढी कळते. बायकांचं माहेरचं आडनाव दगडावर कायम राहतं, त्यामुळे सोयरीक कोणत्या घराण्याशी झाली तेही समजतं. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या सणाला घरचे लोक येऊन थडगं झाडतात, पुसतात.

तिथलं सर्वांत मोठं थडगं ओंग सॅम लिओंग या व्यापाऱ्याचं. ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणींना मजूर पुरवणारा हा माणूस १९१८ साली वारला. त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून अडवलेली जागा सहाशे चौरस मीटर, म्हणजे आमच्या हिशेबाने सहा गुंठे. एवढी जागा असूनही ती रानाने गिळली होती. दोघा हौशी भावांनी झुडपं तोडत ती पुन्हा शोधून काढली. दुसऱ्या काही शेठजींच्या थडग्यांपाशी दगडी शीख पहारेकरी बंदूक घेऊन उभे आहेत. जिवंतपणी पेढीच्या दारात असायचे, तेच इथेही. वाचता येणाऱ्याला दक्षिण चीनच्या कुठल्या गावातून कोण आला, कुणाशी सोयरीक करून पेढी वाढवली आणि पोरं किती झाली, हे कागद न उलगडता सांगता येतं.

माझं गाव गुंजवणे. राजगडाच्या अगदी पायथ्याशी. चोरदरवाजाने गड चढणारे पुण्यामुंबईचे लोक आमच्या गावातूनच जातात. आम्ही माणूस जाळतो, राख-अस्थी पाण्यात सोडतो, आणि तेराव्यानंतर त्याचा पत्ता उरत नाही. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांत लिंगायत वाणी मयताला बसवून पुरतात, त्यावर समाधी करतात. पण मावळात मी पाहिलेल्या जुन्या दगडांवर तलवार आहे, तराजू नाही.

दगड मात्र पुष्कळ आहेत. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं सोडवताना आलेला मृत्यू, त्याच्यावर वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. माथ्यावर चंद्रसूर्य: ते असेतोवर कीर्ती राहो. सतीच्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. त्यानंतरच्या काळातल्या समाध्या म्हणजे चौथरा, वर पादुका किंवा पिंड.

म्हणजे माणूस कसा मेला ते दगड सांगतो, कोण होता ते सांगत नाही. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वाईजवळच्या किकलीत वीरगळांची रांगच आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. अक्षर नसलं की काय होतं त्याचं उदाहरण आमच्या डोक्यावरच आहे. सईबाई राणीसाहेब ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर वारल्या. पद्मावती माचीवर देवीच्या देवळापाशी त्यांची समाधी दाखवतात, आणि पायथ्याच्या पाल बुद्रुकमध्येही त्यांचं समाधिस्थळ सांगतात. त्या फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या लेक, हे आपल्याला कागदावरून माहीत. साध्या चिनी व्यापाऱ्याच्या बायकोचं माहेर दगडावर असतं. आमच्या राणीचं नाही.

म्हणून इथे दगडाला कागद जोडावा लागतो. भोर तालुक्यात आंबवड्याला कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. पंत सचिवांचं भोर संस्थान ज्यांच्यापासून सुरू झालं त्या शंकराजी नारायणांचीही तिथेच. जेधे कारीचे, रोहिडखोऱ्याचे देशमुख. अफझलखान आला तेव्हा पाच मुलांसह येऊन त्यांनी महाराजांपुढे वतनावर पाणी सोडलं, हे आपण जाणतो ते त्या घराण्याने कागद जपले म्हणून. त्यांचा करीना म्हणजे घराण्याची हकीगत आहे, शकावली म्हणजे सालवार नोंदी आहेत. कारीच्या जेध्यांनी ती शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि टिळकांनी १९१६ साली छापून आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातच मिळाली. देशमुखाला दप्तर असतं. ज्याच्या घरात दप्तर नाही त्या कुणब्याने काय करायचं?

माझं उत्तर तलाठ्याचं आहे: दगड कुठे उभा आहे ते आधी बघा. शिवकाळात गावची जमीन थळांत विभागलेली असे आणि थळाला मूळ कुळाचं नाव असे. कूळ संपलं, परागंदा झालं, तरी जमीन गतकुळ म्हणून त्याच नावाने ओळखली जाई. आजही बांधावर गेलं की म्हातारी माणसं गट नंबर सांगत नाहीत, थळाचं नाव सांगतात. कागदावर समाधीची जागा फार तर पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत पडते. पण त्या शेताचा फेरफार मागे मागे नेत गेलं, मग पुण्याच्या पुरालेखागारातला मोडी कागद कुणाकडून वाचून घेतला, की दगडाच्या जवळपास पोहोचता येतं.

आमच्या भावकीचे दोन वीरगळ आणि एक सतीचा दगड आज दुसऱ्याच्या शेतात आहेत. ते आमचे, याला पुरावा काय? धाकट्या चुलत्याच्या देवघरातला चांदीचा टाक. घोड्यावरचा वीर. आमच्यात त्याला नुसतं ‘वीर’ म्हणतात, नाव कुणालाच ठाऊक नाही. पण लग्न ठरलं की पहिला नारळ त्या शेतात जातो, आणि आताचा शेतमालक तो मुकाट्याने फोडू देतो. ‘दादा, तुमचं येणं आहे, माझं काय जातंय,’ म्हणतो. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही. मला पुरतो.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की खापरपणज्यापर्यंतची नावं निघतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येऊन कुळाच्या पिढ्या वाचून दाखवतात. माणसाचं नाव असं वहीत, जागा दगडात आणि चेहरा टाकावर. तिन्ही एकाच घरात क्वचित राहतात.

त्यातली जागाच सगळ्यांत आधी जाते. १९२८ साली भाटघरचं धरण पुरं झालं आणि वेळवंडीच्या खोऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं, लोक गर्दी करतात. त्याच गाळातल्या बांधावरचे दगड कुणाचे, हे विचारायला कुणी जात नाही. बुकित ब्राउनमधूनही २०११ नंतर सरकारने रस्ता काढला. सुमारे ३,७०० थडगी हलली, पण हलवण्याआधी अभ्यासक बसवून थडग्यांची नोंद केली: जागा, मजकूर, छायाचित्रं.

आपल्याकडे मात्र जीर्णोद्धाराची हौस. देऊळ नवं बांधायचं ठरलं की शिवारातले वीरगळ ट्रॅक्टरने आणायचे, देवळापुढे सिमेंटात एका ओळीत बसवायचे, वरून ऑइलपेंट मारायचा. पोरांना वाटतं आपण इतिहास वाचवला. खरं तर त्या दगडाकडे सांगण्यासारखी उरलेली एकच गोष्ट होती, ती त्यांनी पुसली. शेंदूर लावून वेताळ केलेला वीर मला त्यापेक्षा परवडतो. निदान जागेवर असतो.

हलवणं टळतच नसेल तर निघण्याआधी गट नंबर, थळाचं नाव, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि त्या बांधावर नारळ कोण फोडतं, एवढं एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावं. दगडाचा मोबाइलवर फोटो काढावा तो सकाळी किंवा कलत्या उन्हात. दुपारी उन्हं डोक्यावर असली की कोरीव काम सपाट दिसतं. शेंदूर मात्र खरवडू नये. त्याखाली अक्षर निघण्याची आशा फार थोडी, आणि गावाशी भांडण होण्याची पुरेपूर.