दापोडीचा बंगला आणि वैद्यकशिक्षणाची भाषा

पुणे-मुंबई मार्गावरील दापोडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. कारखान्यांच्या या परिसरात एकेकाळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे. जुलै 1838 मध्ये गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे येथेच निधन झाले. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांचेच स्मारक होय. बंगल्यालगत शासकीय वनस्पती उद्यानही होते. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन स्वतः शल्यचिकित्सक. दापोडी आणि जुन्नर भागातील हिवरे येथील बागांतून ते शासकीय औषध भांडारास औषधी पुरवीत.

तथापि आधुनिक वैद्यकशिक्षणाचा पहिला प्रयत्न याहून जुना आहे. 1826 मध्ये मुंबईत देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे, परंतु त्या भाषांत पाश्चात्त्य वैद्यकाची क्रमिक पुस्तके नव्हती. तेव्हा शाळेचे प्रमुख डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी मराठी व गुजराती भाषांत ती सिद्ध केली. शरीराच्या एकेका भागाला नेमका शब्द योजणे हेच मोठे काम होते, आणि ते आजच्या परिभाषाकारांनाही सोपे वाटणार नाही. 1832 मध्ये ही शाळा बंद करण्यात आली.

ग्रँट यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला; त्यांच्या पश्चात डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी तो तडीस नेला. केवळ ग्रंथांवर वैद्य घडत नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणूनच सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाशेजारीच 1845 मध्ये महाविद्यालय सुरू झाले. माध्यम मात्र इंग्रजी. 1851 मध्ये आठ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकी एक. भारतातील रोगांवरील मोरहेड यांचा 1856 चा ग्रंथ याच रुग्णालयातील अनुभवावर आधारलेला होता.

परंतु इंग्रजीतून शिकलेले मोजके पदवीधर इलाख्यातील गावोगावच्या दवाखान्यांना कसे पुरणार? अखेर 1861 पासून याच महाविद्यालयात मराठीतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग भरू लागला, आणि मराठी पाठ्यपुस्तकांची निकड पुन्हा भासली. ती लिहिण्याचे काम आता येथेच शिकून तयार झालेल्या डॉक्टरांकडे आले.