पुठ्ठ्याचा मेंढवाडा

कॅथलिक घरात मुलांना धर्माची ओळख करून द्यायची म्हटलं की सहज सुचणारा खेळ म्हणजे सापशिडी. पुठ्ठ्यावर शंभर घरं आखायची, शिडीच्या पायथ्याशी ‘क्षमा केली’, ‘प्रार्थना केली’ असं लिहायचं आणि सापाच्या तोंडाशी ‘खोटं बोलला’, ‘आळस केला’. कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ज्ञानदेवांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट हा असाच गुणदोषांचा पट. पण कॅथलिक शिकवणीच्या बाजूने पाहिलं तर या खेळात एक गोची आहे. चर्च म्हणतं, गंभीर पाप घडायला जाणीव लागते आणि मनाची संमती लागते. पटावरचं मूल पाप करतं ते फाशावर चार पडले म्हणून. घसरल्यावर क्षमा मागून परतण्याची सोयही नाही, पुढच्या दानाची वाट बघत बसायचं. अक्षरं एक सांगतात, खेळ दुसरंच शिकवतो, आणि लक्षात राहतो तो खेळ. म्हणून अशा घरगुती साधनांबद्दल ‘मुलांना मजा आली का’ किंवा ‘वचन पाठ झालं का’ हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. मुलाच्या हातून जी कृती होते ती त्या श्रद्धेतल्या गोष्टीशी जुळते का, हे आधी पाहायला हवं.

या दिशेने विचार पूर्वीच झालेला आहे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकर प्रथम ग्रहण करण्याचं, वय सुमारे सात वर्षांवर आणलं, तेव्हा प्रश्नोत्तरांची पुस्तिका घोकून घेण्याची पद्धत अपुरी पडू लागली. मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक. बार्सिलोनात त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळेत मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या, कारण मिस्सा या उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस तिथूनच येतात. पुढे १९५४ साली रोममध्ये सोफिया कावालेत्ती या हिब्रू व बायबलच्या अभ्यासक आणि जान्ना गोब्बी या मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिका एकत्र आल्या आणि ‘उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण’ या नावाने पुढे अनेक देशांत पोचलेली पद्धत घडली. तिच्यातली एक शिस्त फार शहाणपणाची आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यांमधली पात्रं सपाट असतात, फळीतून कापून रंगवलेली. येशूच्या जन्मासारख्या प्रसंगांतली पात्रं मात्र घडीव असतात, मुठीत भरतील अशी. मेंढपाळाची गोष्ट येशूने सांगितली आणि बेथलेहेममध्ये प्रत्यक्ष काही घडलं, हा फरक चार वर्षांच्या मुलाला व्याख्या देऊन कळायचा नाही. बोटांना तो कळतो.

याच पद्धतीतली दुसरी कृती तर अगदी साधी. एक छोटा चषक, दोन छोट्या कुप्या, एकीत वाइन, दुसरीत पाणी. मूल चषकात वाइन ओततं, मग पाण्याचे मोजके थेंब सोडतं. मिस्साच्या वेळी धर्मगुरू वेदीपाशी हेच करतात आणि बाकांवर बसलेल्या मोठ्यांपैकी कितीजणांचं तिकडे लक्ष असतं, हा प्रश्नच आहे. घरी वाइनऐवजी कोकमाचं सरबत चालेल. थेंब पडला की क्षणभर दिसतो आणि मग दिसेनासा होतो. मूल हमखास विचारतं की आता पाणी परत काढता येईल का. ख्रिस्ताशी माणसाचं एक होणं चर्चला या कृतीतून सांगायचं असतं, आणि तिथवर मूल स्वतःच्या प्रश्नाने येऊन पोचलेलं असतं. चषकाचं छापील चित्र रंगवायला दिलं असतं तर ‘रेषेबाहेर जाऊ नकोस’ एवढंच ते शिकलं असतं.

नाताळाआधीच्या आगमनकाळातलं चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र याच कसोटीला उतरतं. ते मुळात कॅथलिकांचं नव्हे. १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या आश्रमातली मुलं नाताळ कधी येणार म्हणून पिच्छा पुरवायची, तेव्हा योहान हिनरिख विखर्न या लुथेरन पाळकाने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या, बाकी दिवसांच्या लहान. कॅथलिकांनी ते विसाव्या शतकात उचललं. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं, आणि इथे रविवारी एकच ज्योत वाढत असल्यामुळे वाट पाहणं हीच कृती होते. गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी आधी नाचणी पेरून ठेवतात ती रीतही अशीच. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरणाऱ्या मुलांना तिचं मर्म वेगळं सांगायला नको: उगवायला दिवस लागतात, घाई करून चालत नाही. मात्र गोठ्यांची स्पर्धा सुरू झाली की थर्माकोल येतो, दिव्यांच्या माळा येतात आणि गोठा मुलांच्या हातून काका लोकांच्या हातात जातो.

यावर आक्षेप येतात. पवित्र गोष्टींचा खेळ केला की त्यांचं गांभीर्य जातं, हा पहिला. बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांपुरता तो मला मान्य आहे. तिथे बायबल हे निमित्त आणि जिंकणं मुख्य. पण मुलाचा खेळ म्हणजे थट्टा नव्हे. भरलेली कुपी सांडू नये म्हणून श्वास रोखून चालणारं मूल बऱ्याच मोठ्यांपेक्षा गंभीर असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे कोवळ्या मनावर लादणंच नाही का? आईबाप आपला धर्म मुलाला देतात तेव्हा निवड त्यांची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चर्चही आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक मानतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ते स्पष्ट मांडलं. पण देण्याच्या रीतीत फरक असतो. कावालेत्तींच्या पद्धतीत मेंढवाडा मांडताना ‘मेंढरं म्हणजे तुम्ही’ असं सांगायचं नसतं. ही मेंढरं कोण असतील, एवढं विचारायचं आणि थांबायचं. मूल मेंढरं आत नेतं, बाहेर काढतं, पुन्हा आत नेतं. उत्तर सापडलं तर ते त्याचं, नाहीतर मेंढरं परत डब्यात. पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांत ही मुभा नव्हती.

राहिला प्रश्न वेळेचा आणि पैशाचा. लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या वसईच्या आईबापांना हे जमणार कसं? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मॉन्टेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू आणल्या. इथेही खोक्याचा पुठ्ठा पुरतो. तयार संच विकत घेतला तर वेळ वाचेल, हे खरं. मात्र कात्री हातात घेणाऱ्याला काही गोष्टी स्वतः ठरवाव्या लागतात. मेंढरं सगळी सारखी कापायची की वेगवेगळी? कुंपणाला दार ठेवायचं का, आणि मेंढपाळ पुढे चालणार की मागे? त्यासाठी योहानच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आधी आईला किंवा बाबालाच उघडून वाचावा लागतो.